जामसिंगचा लाल दोरा

जामसिंग पावरा कुठल्याही खोलीत शिरला की आधी खिशातून पेन काढायचा. लिहायला नाही. पेनाच्या टोपणाला वीतभर लाल लोकरीचा दोरा बांधलेला असायचा. तो दोरा दाराच्या फटीशी धरायचा, मग खिडकीशी, मग कोपऱ्यात. दोरा हलला तर आत येऊन बसायचा. नाही हलला तर उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलायचा, मग आत कितीही मोठा साहेब बसलेला का असेना.

माझ्या दुकानात तो पहिल्यांदा आला तेव्हा असाच दोरा धरून उभा राहिला. माझं दुकान शहाद्याला, बंबाचं. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे बापाने हातात हातोडी दिली ती अजून आहे. पाणी तापवायचे तांब्याचे बंब, पत्र्याचे बंब, मी हाताने ठोकलेले. दुकान म्हणजे एक खोली, तिला खिडकी नाही, आणि न विकलेले बंब पार आढ्यापर्यंत. घरोघर गॅसचे गीझर आले तेव्हापासून बंब कोणी घेत नाही. मुलगा सुरतेहून फोन करतो, दुकान विका आणि इकडे या म्हणतो. मी जात नाही. का जात नाही ते मला विचारू नये.

"काय धुंडी ऱ्हायना रे भो?" मी जामसिंगला विचारलं.

"वारा."

"मन्हा दुकानमा वारा कोठेन येई? एकच दार शे, तेबी अर्धं अडायेल."

"तेच बघतोय," म्हणाला, आणि बाहेरच्या पायरीवर बसला. पुढे दोन हिवाळे तो माझ्याकडे येत राहिला. पायरीच्या आत कधी आला नाही. मला राग यायचा. माणूस दुकानात येतो आणि भिकाऱ्यासारखा बाहेर बसतो, लोक काय म्हणतील? मी तसं तोंडावर बोललोसुद्धा. तो म्हणाला, "आप्पा, तुमचं दुकान चांगलं आहे. मीच वाईट आहे." एवढंच. त्याच्याकडून जास्त काढायचं म्हणजे गंजलेला स्क्रू काढायचा.

बुटका माणूस, रुंद छातीचा. हात कोपरापर्यंत काळे, पण नखं साफ. गाव धडगावच्या वर, डोंगरातला पाडा. घरी पावरी बोलायचा, माझ्याशी शाळेतली मराठी, आणि चिडला की फौजेतली हिंदी. वायुदलात मेकॅनिक होता. उमेदीची सगळी वर्षं विमानांच्या पोटाखाली गेली, त्यातली बरीच वर उत्तरेत, जिथे थंडीने पाना हाताला चिकटतो म्हणे. पेन्शनीत आल्यावर लोणखेड्याच्या पुढे माळावर विमान शिकवायची एक खासगी शाळा होती, तिथे लागला. लहान विमानं, चार माणसांची. पोरं पहाटे येऊन शिकायची, कारण सकाळचा वारा शांत असतो.

त्या पहिल्या दिवशी त्याने गोणपाटात गुंडाळून एक चेपलेला पत्रा आणला होता. वाकवलेला, दोन अर्ध्या भागांचा, कडेला उसवलेला. मी म्हटलं हे कशाचं? त्याने पायरीवर बोटाने काढून दाखवलं. विमानाच्या इंजिनाचा धूर ज्या सायलेन्सरमधून बाहेर जातो, त्याच्याभोवती हे पत्र्याचं जॅकेट बसतं. सायलेन्सर लाल होईपर्यंत तापतो. जॅकेटच्या आणि त्याच्या मधून बाहेरचा वारा जातो, तापतो, आणि रबरी नळीतून आत माणसांच्या पायाशी येतो. विमानात ऊब येते ती अशी.

"म्हणजे बंबच शे," मी म्हटलं. "मधलं नळकांडं, भोवती पाणी. तुन्हा बंबमा पाणीना जागावर वारा."

जामसिंग हसला. मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "इतकी वर्षं साहेब लोक इंग्रजीत समजावत होते," म्हणाला. "कोणी बंब म्हटलं नाही."

नवीन जॅकेट करून देतो म्हटलं तर हातच जोडले. विमानाला बाहेरचा खिळा चालत नाही. आहे तोच पत्रा सरळ करायचा, तोही त्याच्या डोळ्यांसमोर, आणि नंतर सहीचे इंजिनियर साहेब येऊन तपासणार, तेव्हा तो चढणार. जामसिंगला स्वतःला सहीचा हक्क नव्हता. सगळं करायचा तो, सही दुसऱ्याची. यावर तो कधी कुरकुरला नाही. मी असतो तर कुरकुरलो असतो.

तो जॅकेटचा पत्रा मी असा सरळ केला की त्यात तोंड दिसावं. हे मी फुशारकीने सांगत नाही. फुशारकीनेच सांगतो.

*

दुसऱ्या हिवाळ्यात खरी अडचण आली. त्या शाळेत तीन विमानं होती, त्यातलं एक जामसिंगच्या ताब्यातलं, मी सरळ केलेलं जॅकेट चढलं तेच. त्यात इतकी थंडी की पोरांनी त्याचं नाव बर्फगोळा ठेवलं. कोणाच्या वाट्याला ते आलं की बाकीचे चिडवायचे, "जा रे, गोळा खाऊन ये!" आपल्याकडे जमिनीवरच पौषात सातपुड्याचा वारा हाडात शिरतो. वर तर काय विचारावं. पोरं दोन दोन मोजे घालायची, तरी पाय बधिर. शिकवायला एक कॅप्टन बाई होत्या, विदर्भाकडच्या, वयाने लहान पण बोलणं रोखठोक. एकदा उतरताना त्यांची बोटं इतकी गारठली की विमानाची मूठ हातात आहे का नाही तेच कळेना. विमान पट्टीवर आपटलं, टायर फुटलं. माणसं वाचली.

"जामसिंगभाऊ," बाई त्याला म्हणाल्या, "मला आकाशाची भीती नाही वाटत हो. माझ्याच बोटांची वाटते आता."

मॅनेजरने त्याला बोलावून सांगितलं, आठ दिवसांत त्या विमानात ऊब आली पाहिजे. नाही आली तर विमान दुसऱ्या गावी पाठवतो. आणि विमान गेलं की त्याच्या मागचा माणूस कशाला ठेवायचा? हे सगळं जामसिंगने मला पायरीवर बसून सांगितलं, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. मग पेनाचा दोरा बोटाला गुंडाळत म्हणाला, "ऊब आणायला वेळ लागत नाही आप्पा. धूर न आणता ऊब आणायची, त्याला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली आणि माळावर गेलो. माझ्या पत्र्याचं काय चाललंय ते बघायला. मला कोणी बोलावलं नव्हतं.

तो विमानात दार लावून बसला होता. एका हातात पेटलेली अगरबत्ती, दुसऱ्यात खडू. बाहेर एक पोरगा पंखा धरून दारावर वारा मारत होता. अगरबत्तीचा धूर जिथे वाकेल तिथे जामसिंग खडूने खूण करायचा. दाराच्या कडेला खूण, पायाच्या पॅडलजवळ खूण, जिथून वायरी इंजिनाकडे जातात तिथे खूण. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड घामाने भिजलेलं. एवढ्या थंडीत घाम. मला वाटलं माणूस आजारी आहे.

त्याच्या खिशात अगरबत्तीचा पुडा नेहमी असायचा. त्यावरून माझी बायको मला म्हणायची, "भलता देवभोळा माणूस दिखस हो तो. तुमले नही सुचत कधी." मी हे जामसिंगला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनींना सांगा, मी देवाला नाही ओवाळत. दाराला ओवाळतो."

दाराचं रबर त्याने नवं बसवलं, शाळेच्या कोठीतलं, पेटीबंद. वायरींची भोकं बंद केली. तापलेला वारा आणणारी नळी इंजिनापाशीच फाटलेली होती, म्हणजे अर्धी ऊब रस्त्यातच सांडत होती. तीही बदलली. आणि मग या माणसाने काय करावं? विमानाच्या मागच्या बाजूला, सामान ठेवायच्या फळीशी, वारा बाहेर जायचं एक बोटभर तोंड होतं. ते कोणीतरी मागे केव्हा चिकटपट्टीने बुजवलेलं. जामसिंगने ती पट्टी ओढून काढली आणि तोंड साफ केलं.

मी म्हटलं, "येडा व्हयना का? आठे बुजाडस आणि तठे उघडस?"

त्याने सोड्याची रिकामी बाटली आणली, माझ्या हातात दिली. "फुंका आप्पा. आत वारा भरा."

मी फुंकलं. भरेना. परत फुंकलं. गाल दुखले, डोळ्यांतून पाणी आलं, वारा माझ्याच नाकाकडे परत. पोरं जमली. मी कोणासमोर हरत नाही, म्हणून आणखी फुंकलं. शेवटी खोकला लागला.

"आतला बाहेर गेल्याशिवाय नवा कसा येईल?" जामसिंग म्हणाला. "म्हणून ते तोंड उघडं ठेवायचं. ऊब त्याच्यामुळेच येते. आणि धूर आला तरी त्यातूनच जातो." मग म्हणाला, "थंडी माणसाला ओरडून सांगते, मी आले म्हणून. हा धूर सांगत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. झोप येते फक्त."

हे वाक्य तो फार वेळा बोलायचा. पोरं त्याची नक्कल करायची. मीही केली आहे.

लोणखेड्याला त्याने भाड्याने खोली घेतली होती, तिचीही एक कथा आहे. घरमालक सकाळी बघतो तर दार नाही. जामसिंगने बिजागऱ्या काढून दार भिंतीला उभं केलेलं आणि स्वतः दाराच्या जागी घोंगडी लावून झोपलेला. मालक ओरडायला लागला, चोर येतील, कुत्री येतील! हा म्हणाला, "येऊ दे." शेवटी मालकाने सामान बाहेर काढलं. तेव्हापासून तो विमानाच्या शेडमध्येच झोपायचा, शटर गुडघाभर वर ठेवून. लोक म्हणाले फौजेत डोकं फिरलं. मीही तेच म्हणालो.

*

राहिला सायलेन्सर. जॅकेट काढलं तेव्हा जामसिंगला त्याच्या एका जोडावर संशय आला. केसाएवढी रेघ, आहे का नाही अशी. नवीन मागवला तर परदेशातून यायला कितीतरी महिने, तोवर उन्हाळा. त्याने तो माझ्याकडे आणला. म्हणाला, "आप्पा, तुमची नजर जोडावर बसलेली आहे. बघा."

मी बघितला. बोट फिरवलं. रेघ मला लागली नाही. मग मी बंबाला करतो तेच केलं. एक तोंड लाकडी गुट्ट्याने बंद केलं, पाणी भरलं, खाली कोरडा कागद ठेवला. सकाळी कागद कोरडाच. असे मी हजारो बंब पारखलेत. माझ्या बंबातून कोणाच्या अंघोळीच्या पाण्याला धुराचा वास आला असेल तर पुढे यावं.

"पानीना एक थेंब गळना नही," मी त्याला सांगितलं. "थेंब गळत नही, ते धूर कसा गळी?"

"पाणी थंड असतं आप्पा."

"म्हणजे?"

"हा तापला की फुगतो. फुगला की फट उघडते. पाण्याने ती दिसणार नाही."

मला ते लागलं. साठ वर्षांची हातोडी, आणि हा मला पाण्याची पारख शिकवणार! मी म्हटलं, "तुले मन्हावर भरोसा नही ते आणा कसाले?" मी आणखी बोललो. जे बोललो ते इथे लिहीत नाही. पायरीवर बसणाऱ्याने मला शिकवू नये असं काहीतरी होतं त्यात.

तो रागावला नाही. म्हणाला, "मग असं करू. सगळं चढवतो. जमिनीवर इंजिन चालू करून मी आत दार लावून बसतो, अर्धा तास. धूर दाखवणारं कार्ड लावतो. कार्ड साफ राहिलं तर इंजिनियर साहेबांना सहीला बोलावतो. परवा सकाळी बाईंचं पहिलं उड्डाण आहे त्यात, पोराला घेऊन."

"मन्हं काम शे," मी म्हटलं. "मी बी बठसू."

तो म्हणाला, "नका बसू आप्पा."

"बठसू."

*

ती सकाळ मला घट्ट आठवते. दवाने सगळा माळ पांढरा, तोंडातून वाफ. जामसिंग विमानाच्या चाकांपुढे लाकडी ठोकळे लावत होता, बाहेर. मी आधीच आत चढून बसलो होतो. मागून, त्या बोटभर तोंडातून, माझ्या मानेवर गार वारा येत होता. नक्की येत होता का मला वाटत होतं, आता सांगता येणार नाही. मी मनात म्हटलं, एवढा सुंदर ठोकलेला पत्रा, एवढी ऊब आत येणार, आणि ती या भोकातून वाया जाणार. आज याला दाखवतोच, आप्पाच्या हाताची ऊब काय असते. माझ्या बंडीचं अस्तर एका जागी उसवलेलं होतं. त्यातला कापूस काढला, बोळा केला, मागे वाकून भोकात दाबला. चांगला घट्ट दाबला. मी कुठलंही काम अर्धं करत नाही.

जामसिंग आत आला. त्याच्या बाजूचं दार लावलं. नव्या रबराने दार गच्च बसलं, दोन्ही बाजूंनी. त्याने एक मोठा श्वास घेतला, पाण्यात उडी मारताना घेतात तसा. समोर पुठ्ठ्याचं छोटं कार्ड चिकटवलेलं, त्यावर पिवळसर ठिपका. धूर आला की ठिपका काळा होतो. मागच्या तोंडाजवळ त्याने पेन अडकवलं, लाल दोरा लोंबत. मी छातीवर हात घेऊन सरळ बसलो. बोळा आत खोल गेलेला, त्याला दिसला नाही.

इंजिन चालू झालं. सगळं विमान थरथरायला लागलं. थोड्या वेळाने पायाशी ऊब आली. काय ऊब हो! पोटऱ्यांपर्यंत, गुडघ्यांपर्यंत. मी जामसिंगकडे बघून भुवया उडवल्या. तो घड्याळांच्या काट्यांकडे बघत होता. कपाळावर घाम, ओठ हलत होते. बंद जागेत तो मनातल्या मनात काहीतरी मोजत असायचा, हे मला आधी दिसलं नव्हतं.

आता जे सांगतो ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मला तो ठिपका दिसला. पिवळा होता तो मळकट झाला, मग तपकिरी. मी माझ्या जागेवरून त्याच्यावर नजर ठेवून होतो. मी स्वतःला म्हटलं, सावली पडली असेल. पाण्याचा थेंब गळला नाही, मग धूर येईल कसा? म्हटलं, अजून थोडं बघू. कपाळात ठणका लागला. म्हटलं, सकाळी चहा झाला नाही म्हणून. मी बोललो नाही. बोललो असतो तर हरलो असतो.

जामसिंगने मान वळवून मागे बघितलं. कार्डाकडे नाही, दोऱ्याकडे. दोरा सरळ खाली लोंबत होता. जराही हलत नव्हता.

"दोरा," तो म्हणाला. "आप्पा, दोरा का हलत नाही?"

मग कार्डाकडे बघितलं. त्याने लाल मूठ ओढली, इंजिन बंद पडलं. मग दाराच्या कडीला हात घातला आणि तिथेच थांबला. हात कडीवर, पण कडी फिरवेना. सगळं अंग लाकडासारखं. त्याच्या बोलीत आईला मारतात तशी हाक मारली त्याने, दोनदा. मला उठायचं होतं, माझ्या बाजूची कडी फिरवायची होती. पाय माझे नव्हतेच. नव्या रबराचं ते दार, गच्च, आणि आत आम्ही दोघं, ऊब गळ्यापर्यंत आलेली. मला झोप येत होती. चांगली झोप. म्हणून सांगतो, तो धूर सांगत नाही.

मग त्याने खांद्याने धडक मारली. कडी कशी फिरली, त्याने फिरवली का तुटली, देवाला ठाऊक. दार उघडलं, तो बाहेर पडला, आणि परत आत येऊन माझ्या बंडीला धरून मला ओढलं. आम्ही दोघं दवातल्या गवतावर पडलो. मी ओकलो. तो आकाशाकडे बघत नुसता श्वास घेत होता, मोठमोठे, आवाज करून.

*

कॅप्टन बाई धावत आल्या, पाणी आणलं, दवाखान्यात चला म्हणून मागे लागल्या. जामसिंगने मला त्यांच्या मोटारीत बसवून पाठवलं. डॉक्टरने ऑक्सिजनची नळी लावली, संध्याकाळी सोडलं. मी घरी न जाता परत माळावर गेलो. बायको शिव्या देत होती ते सोडा.

शेडमध्ये जामसिंगने सायलेन्सर काढून बाकावर ठेवला होता. मला बघून त्याने एका टोकाने पंपाची हवा सोडली, जोडावर साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडा नाही. मग ब्लोलॅम्पने जोड तापवला, तांबडा होईपर्यंत, आणि जरा निवू देऊन लगेच पुन्हा साबण टाकला. चरचरत फेस उठला आणि त्या फेसात एक बारीक ओळ श्वास घेतल्यासारखी फुगू लागली. मी बघितलं. खाली वाकून बघितलं.

तो म्हणालाच नाही की बघा, मी सांगितलं होतं. म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्याने खिशातून तो कापसाचा बोळा काढून बाकावर ठेवला. माझ्या बंडीचा निळा धागा त्याला चिकटलेला. मी दुसरीकडे बघितलं. तो शटरखालून बाहेर जाऊन बसला, मीही जाऊन बसलो.

"कापूस मीही घातला होता," तो म्हणाला.

घरी आईला थंडी वाजते, कुडाच्या भिंतीतून वारा येतो, म्हणून त्याने नोकरीत असताना पाड्यावर पक्की खोली बांधून दिली होती. सिमेंटची, लोखंडी दाराची, काचेच्या खिडकीची. सगळ्या पाड्यात पहिली. सुट्टीवर आला तेव्हा खिडकीच्या फटी त्याने स्वतः बुजवल्या, कापूस आणि सुतार भरतात ती लांबी भरून. आई खूष झाली. तो परत ड्युटीवर गेला. थंडी वाढली तशी आईने आणि धाकट्या भावाने निखाऱ्याचं घमेलं आत घेतलं, जन्मभर कुडाच्या घरात घेत आले तसं, आणि दार लावून झोपले. सकाळी पाड्यातल्या लोकांनी दार तोडलं.

"कुडाच्या घरात कोणी असं मेलं नव्हतं," जामसिंग म्हणाला. "फटी होत्या ना."

ती खोली तेव्हापासून बंद होती. तुटलेलं दार तारेने बांधलेलं. तो गावी जायचा, दुसऱ्यांच्या अंगणात झोपायचा, परत यायचा.

धीर देणं वगैरे, मला येत नाही तसलं. मी बरेच दिवस मनाला समजावत होतो की माझा बोळा होता म्हणून तरी फट सापडली, बाई आणि ते पोरगं वर जायच्या आत. खोटं आहे. फट सापडली कारण तो दोऱ्याकडे बघत होता. मी कार्डाकडे बघून गप्प होतो.

मॅनेजरला त्याने एवढंच सांगितलं, "सायलेन्सर फुटका आहे, हे विमान या थंडीत उडणार नाही." बोळ्याचं नाव काढलं नाही. मॅनेजर म्हणाला, "फटीला डाख देऊन चालवून घे ना, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे." जामसिंग म्हणाला, "तुम्ही आत बसा, मी दार लावतो." त्यावर बोलणं संपलं. बर्फगोळ्याचे पंख काढून त्याला ट्रकवर बांधलं आणि नेलं. पोरं टाळ्या वाजवायला जमली होती, पण कोणी वाजवल्या नाहीत. कॅप्टन बाई जामसिंगच्या पाया पडल्या, तो लाजून शेडच्या मागे गेला. विमानाबरोबर त्याचं कामही गेलं, मॅनेजरने आधीच सांगितल्याप्रमाणे.

*

तो गावी निघाला त्या दिवशी मी शहाद्याच्या बस स्टँडवर गेलो. रिकाम्या हाताने नाही. चार दिवस बसून मी एक धुराडं केलं होतं. चांगल्या जाड पत्र्याचं, दीड हात रुंद तोंडाचं, वर निमुळतं होत गेलेलं, आणि डोक्यावर पाऊस जाऊ नये म्हणून टोपी. माणसाच्या उंचीएवढं लांब. या वेळी जोड पाण्याने पारखले नाहीत. तापवून, साबण लावून पारखले.

त्याच्यासमोर ते उभं केलं. मला सांगायचं होतं ते सगळं रस्त्यात जुळवत आलो होतो. तोंडातून आलं ते असं: "छपरले भोक पाडजो. मोठं."

त्याने टोपीखाली बोट घालून बघितलं. जोडावर अंगठा फिरवला. "तापवून बघितलं का, आप्पा?"

"मग काय, पाणी भरीसन बघू का?"

तो हसला. दुसऱ्यांदा.

कंडक्टर ओरडला, "ओ पाव्हणं! हाई काय तोफ शे का? टपवर टाका." जामसिंगने ऐकलं नाही. खिडकीच्या जागेवर बसला, धुराडं मांडीवर आडवं घेतलं, पण ते मावेना. मग टोपीचं टोक खिडकीबाहेर काढलं. आता खिडकी काही लागणार नव्हती. मागची बाई ओरडायला लागली, "लावा ना हो ती खिडकी, आम्ही मरी ऱ्हायनूत थंडीमा!" आणखी दोघं तिच्या बाजूने बोलायला लागले. जामसिंग त्यांना काय म्हणाला ते बाहेर ऐकू आलं नाही. नेहमीचंच म्हणाला असेल.

बस हलली तसं त्याने पेन काढलं, टोपणाचा दोरा सोडवला आणि धुराड्याच्या टोपीला बांधला. मी हात वर केला नाही. तो मागे बघतच नव्हता. स्टँडच्या फाटकातून बस वळली, आत सगळी माणसं स्वेटरात मान घालून बसलेली, आणि बाहेर माझ्या पत्र्याच्या टोकाला तो लाल दोरा जोराने फडफडत धडगावच्या रस्त्याला गेला.